तेराचं काय झालं?

चंडीगढच्या नकाशावर २०२० सालापर्यंत तेरा हा आकडा नव्हता. सेक्टर १२मध्ये पीजीआयचं रुग्णालय, रस्ता ओलांडला की थेट सेक्टर १४, म्हणजे पंजाब विद्यापीठ. मधला तेरा शहर आखतानाच गाळला गेला. पाश्चात्त्यांच्या मनातल्या अशुभ आकड्याला ल कॉर्बुझिएने जागा दिली नाही, असं गावात सांगतात. कारण काहीही असो, त्या गाळण्यातून एक गंमत तयार झाली. पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांना क्रमांक दिले गेले ते नांगराचा बैल वळावा तसे: एक ओळ डावीकडून उजवीकडे, पुढची उजवीकडून डावीकडे. त्यामुळे समोरासमोरच्या सेक्टरांची बेरीज ठरलेली येते. ४ आणि ९ मिळून १३. ९ आणि १७ मिळून २६. १७ आणि २२ मिळून ३९. सगळे तेराच्या पाढ्यातले आकडे, आणि मधे तेरा वगळला म्हणूनच पाढा पुढे चालू राहतो. जो आकडा नाही, तो प्रत्येक बेरजेत आहे.

ही बेरीज मला माझ्या भाचीने दाखवली. ती सोळा वर्षांची. जन्म पुण्याचा, शाळा सगळी चंडीगढची. घरात मराठी, रस्त्यावर हिंदी-पंजाबी, पुस्तकं इंग्रजी. सेक्टर १७ला ती इथल्या लोकांसारखं नुसतं 'सतारां' म्हणते, आणि तिथल्या सेंट्रल स्टेट लायब्ररीतून पुस्तकं आणते. बेरीज दाखवली त्या आठवड्यात ती सुझन कॉलिन्स यांच्या 'हंगर गेम्स' या मालिकेतलं शेवटचं पुस्तक, 'मॉकिंगजे', वाचत होती. त्या कादंबरीतल्या देशातही जिल्ह्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. राजधानीचं नाव कॅपिटॉल. आणि तिथेही तेरावा जिल्हा नकाशावरून पुसलेला. चंडीगढच्या सेक्टर १मध्ये विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालय ज्या आवारात आहेत, त्याचं नाव कॅपिटॉल कॉम्प्लेक्स. २०१६पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सोळा वर्षांच्या वाचकाला एवढं साम्य पुरेसं असतं.

शाळेने मुलांना एखाद्या मालिकेच्या शेवटच्या पुस्तकावर दोन पानी मत लिहायला सांगितलं होतं. तिने ते इंग्रजीत लिहिलं. साताऱ्याच्या आजीला ते वाचायचं होतं, म्हणून मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. (सातारा हे नाव सतरा या आकड्यावरून आलं असं सांगणारी एक व्युत्पत्ती आहे, भाचीला ती फार आवडते.) भाषांतर करताना ओळ न् ओळ थांबून वाचावी लागते. तसं वाचल्यावर त्या दोन पानांतली एक तक्रार मला डिस्टोपियाच्या, म्हणजे आदर्श समाजाच्या स्वप्नाची भयाण बाजू दाखवणाऱ्या साहित्याच्या, शंभर वर्षांच्या इतिहासाशी थेट बोलताना दिसली. हा लेख त्या तक्रारीबद्दल आहे.

मालिका ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द हंगर गेम्स' २००८मध्ये आलं, 'कॅचिंग फायर' २००९मध्ये, 'मॉकिंगजे' २४ ऑगस्ट २०१० रोजी. उत्तर अमेरिकेच्या अवशेषांवर पॅनेम नावाचा देश उभा आहे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून बारा जिल्ह्यांनी दरवर्षी एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीत पाठवायची. ती मुलं एक जण उरेपर्यंत एकमेकांना मारतात आणि सारा देश ते टीव्हीवर बघतो. कॉलिन्स यांना ही कल्पना चॅनेल बदलताना सुचली, असं त्यांनीच सांगितलं आहे: एकीकडे तरुणांच्या स्पर्धेचा रिअॅलिटी शो, दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं. त्यांचे वडील अमेरिकी हवाई दलात होते आणि व्हिएतनामला गेले होते. अथेन्सची मुलं मिनोटॉरला बळी द्यावी लागण्याची ग्रीक कथाही पाठीशी आहेच.

तिसऱ्या पुस्तकात कळतं की तेरावा जिल्हा नष्ट झालेलाच नाही. तो जमिनीखाली राहतो आहे. त्याच्याकडे अण्वस्त्रं होती, म्हणून राजधानीने त्याला सोडलं, आणि त्याने उरलेल्या बाराजणांना. तिथे सगळे राखाडी कपडे घालतात, अन्न मोजून मिळतं, आणि रोज सकाळी हातावर दिवसाचं वेळापत्रक जांभळ्या शाईत उमटतं. नायिका कॅटनिस या जिल्ह्याच्या बंडाचा चेहरा बनते. बंड जिंकतं. पण शेवटच्या हल्ल्यात मुलांच्या घोळक्यावर बाँब पडतात आणि कॅटनिसची धाकटी बहीण प्रिम मरते. ते बाँब आपल्याच बाजूचे होते असा दाट संशय उरतो. तेराव्या जिल्ह्याची अध्यक्षा कॉइन आता साऱ्या देशाची अध्यक्षा व्हायला निघाली आहे. ती जिवंत उरलेल्या सात विजेत्यांपुढे प्रस्ताव ठेवते: शेवटचा एक खेळ भरवू, यावेळी राजधानीची मुलं घालून. मतदान होतं. चार विरुद्ध तीन मतांनी प्रस्ताव संमत होतो, आणि त्या चारांत कॅटनिस आहे. पुढे जुन्या हुकूमशहाला मारण्यासाठी तिच्या हाती धनुष्य दिलं जातं तेव्हा तिचा बाण कॉइनला लागतो.

आता भाचीचं मत, माझ्या मराठीत.

"मला हा शेवट आवडला नाही, पण तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. जिला वाचवायला कॅटनिस पहिल्या पुस्तकात पुढे झाली, तीच मरते. मग पहिल्या पुस्तकाचा उपयोग काय, असं माझ्या मैत्रिणी विचारतात. मला वाटतं युद्ध हेच करतं. आधीचं सगळं निरुपयोगी करून टाकतं."

मतदानाबद्दल ती लिहिते: "हे पान मी तीन वेळा वाचलं. काही जण म्हणतात, कॉइनचा विश्वास बसावा म्हणून कॅटनिसने खोटं मत दिलं. पुस्तक तसं सांगत नाही. तिने खरंच 'हो' म्हटलं असेल तर? मला तीच कॅटनिस जास्त पटते. तिची बहीण दोन आठवड्यांपूर्वी नाही, आत्ताच गेली आहे."

आणि शेवटच्या परिच्छेदात: "उपसंहारात कॅटनिसला दोन मुलं आहेत. ती कुरणात खेळतात. मोठ्यांना वाटतं की वाचकाला एवढं पुरतं. मला नाही पुरलं. तेराव्या जिल्ह्यात हजारो माणसं होती. कॉइन मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हातावर काय उमटलं? तेराचं काय झालं?"

ही तक्रार मी इतर वाचकांकडून ऐकली नव्हती. 'मॉकिंगजे'वर नाराज वाचक पुष्कळ आहेत, पण त्यांची नाराजी प्रिमच्या मृत्यूवर असते, किंवा लढवय्या नायिकेला शेवटी नवरा आणि मुलं देऊन घरी बसवलं यावर. सोळा वर्षांच्या या मुलीला त्रास झाला तो वेगळ्याच कारणाने: शेवटच्या प्रकरणात ज्यांना जागा मिळाली नाही, त्यांची कुणी चौकशी केली नाही. हा प्रश्न बालिश वाटू शकतो. कादंबरीने सगळ्यांचा हिशेब द्यायचा नसतो, असं साहित्याचा कुठलाही प्राध्यापक सांगेल. पण डिस्टोपियाच्या बाबतीत हा प्रश्न पहिल्यापासून शेवटाच्या दाराशी उभा आहे.

येवगेनी झाम्यातिनची 'आम्ही' ही कादंबरी १९२०-२१मध्ये रशियनमध्ये लिहिली गेली. ती पहिल्यांदा छापली गेली १९२४मध्ये, न्यूयॉर्कला, इंग्रजी भाषांतरात. पूर्ण रशियन मूळ १९५२मध्ये, तेही न्यूयॉर्कलाच. सोव्हिएत देशात ती यायला १९८८ उजाडलं. भाषांतर करणाऱ्या माणसाला ही हकिकत विसरता येत नाही: एका पुस्तकाचं भाषांतर त्याच्या मुळाहून अठ्ठावीस वर्षांनी वडील आहे. त्या कादंबरीतही माणसांना नावं नाहीत, अक्षर आणि आकडा आहे. काचेच्या घरांत राहणाऱ्या नायकाच्या मेंदूवर शेवटी शस्त्रक्रिया होते आणि तो निश्चिंत होतो. पण भिंतीला भगदाड पडलं आहे, शहराच्या एका भागात लढाई चालू आहे, आणि त्याच्या मुलाची आई होणारी एक बाई भिंतीपलीकडे निघून गेली आहे. नायकाला आता तिची पर्वा नाही. वाचकाला असते.

आल्डस हक्सलीची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' १९३२मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातल्या 'रानटी' तरुणापुढे दोनच वाटा होत्या, सुखी वेडेपणा किंवा आदिम वेडेपणा, आणि तो गळफास घेतो. १९४६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हक्सलीने लिहिलं की पुन्हा लिहायची झाली तर आपण त्याला तिसरी वाट देऊ. जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४'चा शेवट नायकाच्या शरणागतीवर होतो असं सगळ्यांना आठवतं, पण पुस्तक तिथे संपत नाही. पुढे राजवटीच्या भाषेवर एक परिशिष्ट आहे, आणि ते भूतकाळात, साध्या इंग्रजीत लिहिलेलं आहे. जणू ती भाषा आणि ती राजवट दोन्ही केव्हाच संपली. १९४९मध्ये अमेरिकेतल्या बुक ऑफ द मंथ क्लबला हे परिशिष्ट गाळून हवं होतं. ऑर्वेलने नकार दिला. मार्गारेट अॅटवुड यांनी 'द हँडमेड्स टेल'मध्ये (१९८५) तेच निराळ्या रीतीने केलं: नायिकेची गोष्ट तुटते आणि मग दोनशे वर्षांनंतरची इतिहासाची परिषद सुरू होते.

म्हणजे मोठ्यांसाठी लिहिलेल्या या पुस्तकांतही शेवटाचं दार घट्ट बंद करणं लेखकांना जमलेलं नाही, किंवा त्यांनी ते केलेलं नाही. कुठे भगदाड, कुठे परिशिष्ट, कुठे चौदा वर्षांनी लिहिलेली प्रस्तावना. आपल्याकडची जुनी साक्ष काढायची तर रोकेया सखावत हुसेन यांच्या 'सुलतानाज ड्रीम'ची (१९०५) काढता येईल. ते सुखाचं स्वप्न आहे, बायका राज्य करतात आणि पुरुष पडद्यात. त्याचा शेवट म्हणजे निवेदिका आपल्याच खोलीतल्या आरामखुर्चीत जागी होते. स्वप्नात नसलेली सगळी माणसं त्या जागेपणी पुन्हा भेटणार असतात.

किशोरवयीन वाचकांसाठी डिस्टोपिया लिहिला जाऊ लागला तेव्हा या प्रश्नाला तोंड फुटलं, कारण ही मुलं लेखकांना पत्रं लिहितात. लोइस लोरी यांचं 'द गिव्हर' १९९३मध्ये आलं आणि पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक मिळालं. शेवटी एक मुलगा बर्फात, तान्ह्या बाळाला घेऊन, घसरगाडीवरून दिव्यांच्या दिशेने उतरतो. तो पोचतो की थंडीने मरताना त्याला भास होतो, हे उघड ठेवलेलं. मुलांनी वर्षानुवर्षं लोरींना विचारलं: तो जगला का? लोरींनी त्याच जगातली आणखी तीन पुस्तकं लिहिली आणि २०१२च्या 'सन'मध्ये ते तान्हं बाळ मोठं झालेलं दाखवलं. एकोणीस वर्षं लागली. व्हेरोनिका रॉथ यांच्या 'अॅलिजिअंट'मध्ये (२०१३) मालिकेची नायिकाच मरते, तेव्हा तरुण वाचक एवढे संतापले की लेखिकेला त्या शेवटामागची आपली भूमिका जाहीरपणे मांडावी लागली.

मोठे वाचक डिस्टोपिया इशारा म्हणून वाचतात: असं होऊ नये. सोळा वर्षांची वाचक तो वारसापत्रासारखा वाचते. पुस्तकात जे उरेल त्यात राहायची पाळी तिची आहे. म्हणून शेवटच्या पानावर कोण सत्तेवर आलं यापेक्षा तिला पुढच्या सकाळची व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. 'हंगर गेम्स'च्या वाचकांनी तर पुस्तक बंद करून व्यवस्थेलाच हात घातला. थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी कथेतला तीन बोटांचा सलाम उचलला आणि त्यासाठी विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. २०२१मध्ये तोच सलाम म्यानमारच्या रस्त्यांवर दिसला.

माझी भाची निदर्शनं करत नाही. तिने फक्त पुस्तकातला प्रश्न आपल्या शहराला लावून पाहिला. तिने लिहिलेलं आणखी एक वाक्य: "आमचं शहर पॅनेम नाही. इथे झाडं आहेत आणि ते माणसांना आसरा द्यायला बांधलं." हे वाक्य महत्त्वाचं आहे. चंडीगढ एका भीषण शेवटानंतरची सुरुवात म्हणून आखलं गेलं. १९४७मध्ये लाहोर सीमेपलीकडे गेलं, पंजाबला राजधानी उरली नाही, लाखो माणसं घर सोडून आली. नेहरूंना भूतकाळाच्या बेड्या नसलेलं शहर हवं होतं. पहिला आराखडा अमेरिकेच्या अल्बर्ट मेयर यांचा. त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी १९५०मध्ये विमान अपघातात गेले आणि काम ल कॉर्बुझिए, पिएर जानरे, मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्र्यू यांच्याकडे आलं. ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी शहराचं उद्घाटन केलं. एक सेक्टर म्हणजे साधारण ८०० मीटर बाय १२०० मीटर. पहिल्या तीस सेक्टरांत दीड लाख माणसं राहतील असा हिशेब.

सेक्टर १७ या शरीराचं हृदय ठरलं. काँक्रीटच्या खांबांच्या चार मजली इमारती, खाली ओसरीसारखे व्हरांडे, मधे फक्त पायी चालणाऱ्यांसाठी चौक, कारंजं, आदित्य प्रकाश यांनी रचलेलं नीलम सिनेमागृह, जवळच बसअड्डा. शहरात कुणा व्यक्तीचे पुतळे उभारू नयेत, असं शहराच्या आज्ञापत्रात लिहिलेलं. मराठी माणसाला या चौकात पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण आपल्या प्रत्येक गावात चौक म्हटला की मधे पुतळा असतो. इथे मधे मोकळी जागा आहे. २०१३मध्ये औद्योगिक वसाहतीत एलांते मॉल उघडला तेव्हापासून 'सतारां'ची गर्दी ओसरली, असं इथले दुकानदार सांगतात. पण संध्याकाळी म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं अजूनही पायऱ्यांवर बसलेली असतात.

या आराखड्यातही शेवटच्या प्रकरणात न आलेली माणसं आहेत. शेतं आणि गावं संपादन करून ही जमीन मोकळी केली गेली. गावं पडली, लोक गेले. शहर बांधायला जे मजूर आले त्यांच्यासाठी दीड लाखांच्या हिशेबात कायमची जागा नव्हती. त्यांच्या वस्त्या तात्पुरत्या धरल्या गेल्या. नगररचनाकार मधू सरीन यांनी १९८२मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हे तपशिलाने मांडलं: शहर बांधणारा माणूस शहराच्या नकाशात बेकायदा ठरला. या वस्त्यांनाही आकडेच मिळाले. कॉलनी नंबर ५ नोव्हेंबर २०१३मध्ये पाडली. कॉलनी नंबर ४ पाडली १ मे २०२२ रोजी, कामगार दिनाला. काही कुटुंबांना पुनर्वसनाची घरं मिळाली, काहींना नाही.

आणि एक माणूस असा होता ज्याने पडलेल्या गावांचं काय झालं हा प्रश्न हातांनी सोडवला. नेकचंद सरकारी बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. फाळणीत त्यांचंही गाव पलीकडे राहिलं होतं. पन्नाशीच्या दशकाअखेर त्यांनी गावांच्या मलब्यातली फुटकी भांडी, बांगड्या, कौलं, दगड सायकलवरून जंगलात नेऊन तिथे गुपचूप एक राज्य उभं केलं. सापडलं तेव्हा ते बेकायदा होतं. लोकांनी ते वाचवलं आणि १९७६मध्ये रॉक गार्डन म्हणून ते सर्वांसाठी उघडलं, कॅपिटॉलच्या अगदी शेजारी. शाळेच्या सहली तिथे जातात. बांगड्यांच्या तुकड्यांच्या बाया बघताना त्या बांगड्या कुणाच्या, असं कुणी विचारत नाही. भाचीने 'मॉकिंगजे' वाचल्यावर विचारलं.

इथे मला तिच्याशी थोडा वाद घालायचा आहे. उपसंहारातली मुलं ज्या कुरणात खेळतात ते कुरण म्हणजे बाराव्या जिल्ह्याच्या मृतांची दफनभूमी आहे, आणि मुलांना ते माहीत नाही. कॉलिन्स यांनी आई होण्याचं सुख दाखवून वाचकाला झोपवलेलं नाही. पायाखाली काय आहे हे मुलांना कधी आणि कसं सांगायचं, हा प्रश्न कॅटनिसपुढे ठेवून त्या थांबल्या. मी हे बोलले तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, ते बाराचं झालं. तू पुन्हा बाराचंच सांगतेस." तिचं म्हणणं खोडता येत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या कबरीला पुस्तकात जागा आहे. जे जिंकले, आणि जिंकताना आपल्या अध्यक्षेच्या पापाचे वाटेकरी झाले, त्या साध्या माणसांना नाही. इतिहासाच्या पुस्तकांनाही हीच माणसं सगळ्यात अवघड जातात.

भाषांतरात मात्र तेरा या शब्दाने मला वेगळ्याच ठिकाणी नेलं. इंग्रजीत तेरा म्हणजे अपशकुन, बस. मराठीत 'तेरावा' म्हटलं की दोन गोष्टी एकदम येतात. एक, दुष्काळात तेरावा महिना. दोन, मृत्यूनंतरचा तेरावा दिवस, ज्या दिवशी गोड करून घरची माणसं पुन्हा रोजच्या व्यवहाराला लागतात. 'तेरावा जिल्हा' असं लिहिताच आजीने फोनवर विचारलं, "म्हणजे तिथे दुखवटा संपतो का?" मी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "मग या पोरीच्या पुस्तकात तेरावं झालंच नाही की." दोन पानी मतावर मला यापेक्षा नेमकी टीप सुचली नसती. पंजाबीत तर तेरा म्हणजे तेरा, तुझा. सुलतानपूर लोधीच्या कोठारात धान्य मोजताना गुरू नानक तेरावर आले आणि 'तेरा, तेरा' म्हणत मोजतच राहिले, तुझं, सगळं तुझं, अशी जनमसाखीतली कथा आहे. ज्या प्रदेशात हा आकडा देण्याचा आहे, त्याच्या राजधानीत तो अशुभ म्हणून वगळला गेला.

पक्ष्याचं नावही असंच. मॉकिंगजे हा राजधानीने हेरगिरीसाठी तयार करून मग टाकून दिलेल्या पक्ष्याचा वंशज. तो ऐकलेली गाणी उचलतो आणि गाऊ लागतो. आपल्याकडे नकला करणारा पक्षी शोधायचा तर कोतवालाच्या जातकुळीतला भृंगराज. सरकारी पहारेकऱ्याचं नाव मिरवणारं पाखरांचं कूळ, आणि त्यातला एक दुसऱ्यांचे आवाज काढणारा. भाचीसाठी मी 'मॉकिंगजे' तसंच ठेवलं, आजीसाठी कंसात दोन ओळी भृंगराजावर लिहिल्या.

मराठी वाचकाला वाईट शेवट नवे नाहीत. दिल्लीहून चंडीगढला येताना पानिपत स्टेशन लागतं. १४ जानेवारी १७६१ला तिथे जे झालं ते आपण अडीचशे वर्षं भाषेत वागवतो आहोत: पूर्ण धुव्वा उडाला की 'पानिपत झालं'. आणि आपणही तो शेवट पुन्हा पुन्हा उघडून पाहतो. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचा एक प्राध्यापक अशा जगात पोचतो जिथे विश्वासरावांना गोळी चाटून गेली आणि मराठे जिंकले. ती कथा पिढ्यान्‌पिढ्या आवडली, कारण प्रश्न घरचा होता. पण तिथेही आपण विश्वासराव आणि भाऊ यांच्याबद्दलच विचारतो. लढाईनंतर जे तिथेच राहिले, पकडले गेले, विखुरले, त्यांच्या वंशाचे म्हणवणारे रोड मराठे हरयाणात आजही आहेत. त्यांची आठवण मराठी वाचकाला फार उशिरा झाली. पानिपताचंही एक तेरा होतं.

कॉलिन्स यांनी मालिका पुन्हा हाती घेतली ती मागे जाऊन. २०२०मध्ये आणि २०२५मध्ये आलेली त्यांची दोन्ही पुस्तकं पहिल्या पुस्तकाच्या आधीच्या काळात घडतात. तेराव्या जिल्ह्याची पुढची सकाळ त्यांनी लिहिलेली नाही. चंडीगढने मात्र २०२०मध्येच आपला तेरा भरून काढला. प्रशासनाने मनीमाजरा या गावाला सेक्टर १३ म्हणून जाहीर केलं. मनीमाजरा नवी वसाहत नव्हे. तिथे जुना किल्ला आहे, अरुंद गल्ल्या आहेत, आणि ल कॉर्बुझिएने पहिली रेघ ओढली तेव्हा ते गाव तिथे होतंच. शहराने सत्तर वर्षं न वापरलेला आकडा शहराहून म्हाताऱ्या गावाला मिळाला. नकाशात ते समोरासमोरच्या बेरजेत कुठेच बसत नाही, कारण ते ओळीत नाही, शहराच्या पूर्वेला बाजूला आहे. भाचीने वहीत बेरजेचं कोष्टक केलं होतं. त्याच्या खाली, चौकटीबाहेर, तिने पेन्सिलने '१३ – मनीमाजरा' असं लिहिलं आहे.